‘सेटअप पूर्ण’, पण लॉगिन बंद: डेटाबेस स्क्रिप्टमधल्या कोट्सचं एक प्रकरण

प्रकरण एका छोट्या टीमचं आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालणारं एक ॲप्लिकेशन, डॉकरमध्ये (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवलेला डेटाबेस, आणि नवीन एन्व्हायर्नमेंट उभं करताना चालवायची एक बॅश स्क्रिप्ट. (बॅश हा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम.) स्क्रिप्टचं काम मोजकंच: रोल (डेटाबेसचं खातं) तयार करायचा, त्याला पासवर्ड द्यायचा, डेटाबेस तयार करून त्या रोलच्या मालकीचा करायचा, आणि शेवटी फक्त वाचणाऱ्या दुसऱ्या रोलला टेबलांवर सिलेक्टचे हक्क द्यायचे. नावं आणि पासवर्ड एका .ईएनव्ही फाइलमधून (सेटिंग्जची नावं आणि व्हॅल्यू लिहिलेली फाइल) यायचे. ही स्क्रिप्ट बरेच महिने विनातक्रार चालली, कारण त्या काळातले सगळे पासवर्ड फक्त अक्षरं आणि आकड्यांचे होते.

मग पासवर्डचा नियम बदलला. जनरेटरने बनवलेला, चिन्हं असलेला पासवर्ड सक्तीचा झाला. नव्या एन्व्हायर्नमेंटवर स्क्रिप्ट चालवली, तिने शेवटी ‘सेटअप पूर्ण’ छापलं, एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, आला. ॲप सुरू केलं तर ते पहिल्याच कनेक्शनला पडलं: पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड. मी हे तपासायला घेतलं तेव्हा टीमने दोनदा पासवर्ड बदलून पाहिला होता आणि दर वेळी दोष वेगळ्याच ठिकाणी दिसत होता. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. दोष एक नव्हता. एकच व्हॅल्यू तीन वेगवेगळ्या वाचकांच्या हातातून जात होती, आणि प्रत्येकाचे कोट्सचे नियम निराळे होते. (खालच्या तुकड्यांत कमांड आणि व्हेरिएबल्सची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. चिन्हं मात्र जशीच्या तशी आहेत, आणि सगळा मुद्दा चिन्हांचाच आहे.)

पहिला पासवर्ड फाइलमध्ये असा होता:

डीबी_पास=82$4!61#7

स्क्रिप्ट ही फाइल सोर्स करत होती, म्हणजे शेल ती ओळ कोड म्हणून वाचत होता. शेलसाठी $4 म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं चौथं आर्ग्युमेंट, म्हणजे ती चालवताना नावापुढे लिहिलेली चौथी व्हॅल्यू. स्क्रिप्टला एकच आर्ग्युमेंट होतं, त्यामुळे $4 च्या जागी रिकामं आलं आणि व्हेरिएबलमध्ये उरलं 82!61#7. उद्गारचिन्ह टिकलं, कारण हिस्टरी एक्स्पान्शन (! वरून जुनी कमांड परत आणणं) स्क्रिप्टमध्ये बंद असतं. # सुद्धा टिकला, कारण तो शब्दाच्या मधे होता; सुरुवातीला असता तर शेलने तिथून पुढचं टिप्पणी समजून सोडलं असतं. रोलला हा दोन अक्षरं कमी असलेला पासवर्ड मिळाला, आणि कुठेही एरर आली नाही. स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट -यू’ असतं तर शेल तिथेच ‘$4 ला व्हॅल्यू नाही’ म्हणून थांबला असता. त्या एका ओळीने पहिल्याच दिवशी दोष दाखवला असता.

ॲपच्या कंटेनरला मात्र तीच फाइल ‘डॉकर रन’च्या एन्व्ह-फाइल पर्यायाने दिली जात होती. डॉकर त्या फाइलमध्ये $ चा काहीही अर्थ लावत नाही, व्हॅल्यू अक्षरशः उचलतो. म्हणजे ॲपकडे बरोबर पासवर्ड होता आणि डेटाबेसकडे चुकीचा. टीम सगळा वेळ ॲपचं कॉन्फिगरेशन तपासत बसली, कारण एरर ॲप देत होतं.

$ ची भानगड लक्षात आल्यावर कोणीतरी साहजिक उपाय केला आणि फाइलमध्ये सिंगल कोट घातले:

डीबी_पास='82$4!61#7'

शेलच्या बाजूने हे अगदी बरोबर आहे. सिंगल कोटच्या आत शेल कशालाही हात लावत नाही. रोलचा पासवर्ड आता अचूक झाला, आणि ॲप अजूनही बंदच. कारण ‘डॉकर रन’ची एन्व्ह-फाइल कोट्स काढून टाकत नाही. ॲपला मिळालेल्या पासवर्डच्या दोन्ही टोकांना एकेक सिंगल कोट चिकटलेला होता. गंमत म्हणजे डॉकर कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) अशीच फाइल वाचताना कोट्स काढतो, आणि कोट नसलेल्या किंवा डबल कोटमधल्या व्हॅल्यूमध्ये $ चा विस्तारही करतो. दिसायला एकच फॉरमॅट, वाचणारे तीन, आणि नियमही तीन. अशा फाइलमध्ये गुपित ठेवायचं तर ती नेमकी कोण कोण वाचतं याची यादी आधी हातात हवी. ती यादी या टीमकडे नव्हती.

यानंतरचं पाऊल चांगलं होतं. पासवर्ड .ईएनव्हीमधून काढून स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवला, आत फक्त पासवर्ड, दुसरं काही नाही. स्क्रिप्ट $(कॅट ...) ने तो व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि ॲपही तीच फाइल थेट वाचायचं. इथे एक गैरसमज आडवा आला, आणि तो इतरत्रही इतका दिसतो की थांबून सांगायला हवा. टीममधल्या एकाला वाटत होतं, की व्हेरिएबलमध्ये $ असेल तर ते व्हेरिएबल वापरताना शेल त्या $ चा पुन्हा अर्थ लावेल. म्हणून त्याने सेड (मजकूर बदलणारी कमांड) लावून प्रत्येक $ च्या आधी बॅकस्लॅश घातला. शेल असं काही करत नाही. व्हेरिएबलचा किंवा कमांडच्या आउटपुटचा विस्तार झाल्यावर आलेल्या मजकुरातले $, बॅकटिक (`) आणि कोट्स त्याच्यासाठी साधी अक्षरं असतात. इव्हॅल (मजकूर पुन्हा कमांड म्हणून चालवणं) वापरलं तरच गोष्ट वेगळी. विस्तारानंतर दोनच गोष्टी होऊ शकतात: मोकळ्या जागेवर शब्द तुटणं, आणि *, ? वगैरेंवरून फाइलींची नावं भरली जाणं. व्हेरिएबलभोवती डबल कोट घातले की दोन्ही थांबतात. सेडने घातलेले बॅकस्लॅश मात्र पासवर्डचा भाग होऊन बसले असते. ते काढून टाकले.

आता शेलपर्यंत व्हॅल्यू शुद्ध येत होती. जनरेटरने नवा पासवर्ड दिला: 59'0837. स्क्रिप्ट चालली, ‘सेटअप पूर्ण’, कोड शून्य. ॲप बंद.

स्क्रिप्टमधला एसक्यूएलचा (डेटाबेसच्या भाषेतला) भाग हिअरडॉकमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहून कमांडला पुरवलेल्या अनेक ओळींच्या मजकुरात होता आणि त्यातली महत्त्वाची ओळ अशी:

अल्टर रोल $डीबी_रोल पासवर्ड '$डीबी_पास';

हे सिंगल कोट पाहून बऱ्याच जणांना वाटतं की व्हॅल्यू कोटमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे. पण हे कोट शेलचे नाहीत. हिअरडॉकच्या आत शेलसाठी कोट ही फक्त अक्षरं असतात. तो $डीबी_पासच्या जागी व्हॅल्यू ओततो आणि पुढे पाठवतो. कोट आहेत एसक्यूएलचे, आणि एसक्यूएलला व्हॅल्यू कुठे सुरू झाली, कुठे संपली हे माहीत नाही. त्याच्यापर्यंत पोचलं ते असं:

अल्टर रोल नोंदी_ॲप पासवर्ड '59'0837';

पहिल्या दोन कोटांमध्ये 59 संपलं. त्यानंतर 0837 उघड्यावर पडलं. तिसऱ्या कोटने नवी स्ट्रिंग उघडली आणि तिने ओळीच्या शेवटचा अर्धविराम गिळला. पुढे स्क्रिप्टमध्ये कुठेही सिंगल कोट नव्हता, त्यामुळे त्या स्ट्रिंगने हक्क देणारी सगळी ग्रँट स्टेटमेंट्सही गिळली. पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड पाठवणारा प्रोग्रॅम, त्याच्या दृष्टीने तिथून फाइलच्या शेवटापर्यंत एकच स्टेटमेंट होतं. सर्व्हरने ते 0837 पाशी सिंटॅक्स एरर म्हणून नाकारलं. रोलचा पासवर्ड जुनाच राहिला आणि नव्या टेबलांवरचे हक्क दिलेच गेले नाहीत. ॲपची तक्रार सोडवून थांबलो असतो तर रिपोर्ट वाचणारा रोल पुढे कधीतरी वेगळीच एरर देत बसला असता आणि कोणी त्याचा संबंध पासवर्डशी जोडला नसता.

आणखी एक परिणाम सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडला. पोस्टग्रेस डीफॉल्ट सेटिंगमध्ये एरर आलेलं स्टेटमेंट पूर्ण मजकुरासह लॉग करतो. म्हणजे नवा पासवर्ड लागू झाला नाही, पण लॉगमध्ये उघडा छापला गेला. तो लगेच बाद करावा लागला. कोट चुकल्यावर फक्त स्क्रिप्ट बंद पडते असं समजणाऱ्यांनी हा भाग लक्षात ठेवावा.

एवढी मोठी एरर दिसली कशी नाही? याला तीन कारणं होती आणि तिन्ही एकमेकांत अडकलेली होती. पोस्टग्रेसमध्ये क्रिएट डेटाबेसला ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ नाही. त्यामुळे स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की ‘आधीपासून आहे’ अशा एरर यायच्या. त्यांचा त्रास होतो म्हणून कोणीतरी एरर आउटपुट थेट /डेव्ह/नलमध्ये वळवलं, म्हणजे फेकून दिलं होतं. दुसरं, पीएसक्यूएल स्क्रिप्टमध्ये एरर आली तरी पुढे जात राहतो आणि शेवटी शून्य परत करतो, जोपर्यंत ऑन_एरर_स्टॉप सुरू केलेलं नसतं. ते सुरू असेल तर तो थांबतो आणि ३ परत करतो. म्हणून बॅशमध्ये ‘सेट -ई’ (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारं) असूनही त्याचा उपयोग झाला नाही, त्याच्यापर्यंत अपयश पोचलंच नाही. तिसरं कारण सगळ्यात फसवं होतं. स्क्रिप्टच्या शेवटी लॉगिन तपासणारी एक पायरी होती आणि ती पास होत होती. पण ती डेटाबेसच्या कंटेनरच्या आतून लॉगिन करायची. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये कंटेनरच्या आतल्या लोकल कनेक्शनला ट्रस्ट असतो, म्हणजे पासवर्ड विचारलाच जात नाही. कुठलाही पासवर्ड दिला असता तरी ती पायरी पास झाली असती.

मधे एका सहकाऱ्याने ‘आधीपासून आहे’ची कटकट मुळातून संपवायला डू ब्लॉक (अटी लिहिता येणारा पोस्टग्रेसच्या कोडचा तुकडा) लिहून पाहिला. कल्पना बरी होती. पण डू ब्लॉक $$ ने सुरू होतो, आणि कोट नसलेल्या हिअरडॉकमध्ये $$ म्हणजे चालू शेलचा प्रोसेस क्रमांक. सर्व्हरला ‘डू’च्या पुढे एक भलताच आकडा मिळाला. त्याने \$\$ असं लिहून ते निभावलं, पण तोवर त्या हिअरडॉकमध्ये काही $ शेलचे आणि काही पोस्टग्रेसचे झाले होते, आणि कुठला कोणाचा हे वाचून कळत नव्हतं.

दुरुस्तीची दिशा तिथून ठरली: हिअरडॉकमध्ये शेलने काहीच करायचं नाही. हिअरडॉक कुठे संपतो हे सुरुवातीला सांगणाऱ्या खुणेला कोट घातले की शेल आतला मजकूर जसाच्या तसा देतो, ना $, ना बॅकटिक, ना बॅकस्लॅश. मग व्हॅल्यू आत कशा न्यायच्या? त्यासाठी पीएसक्यूएलची स्वतःची व्हेरिएबल्स आहेत. अंतिम स्क्रिप्टचा गाभा असा:

पीएसक्यूएल -व्ही ऑन_एरर_स्टॉप=1 -व्ही रोल="$डीबी_रोल" <<'समाप्त'
\गेटएन्व्ह पास डीबी_पास
सिलेक्ट फॉरमॅट('क्रिएट रोल %आय लॉगिन', :'रोल')
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट फ्रॉम पीजी_रोल्स व्हेअर रोलनेम = :'रोल') \जीएक्झेक
अल्टर रोल :"रोल" पासवर्ड :'पास';
समाप्त

यात तीन प्रकारचे कोट दिसतात आणि प्रत्येकाचा धनी वेगळा आहे. "$डीबी_रोल" भोवतीचे डबल कोट शेलचे, शब्द तुटू नये म्हणून. :'पास' मधले सिंगल कोट पीएसक्यूएलला सांगतात की ही व्हॅल्यू एसक्यूएलची स्ट्रिंग म्हणून घाल आणि आत कोट असेल तर योग्य तो उपचार तूच कर. :"रोल" मधले डबल कोट सांगतात की हे नाव आहे, स्ट्रिंग नव्हे. नुसतं :रोल लिहिलं तर पीएसक्यूएल व्हॅल्यू कच्ची ओततो आणि आपण पुन्हा होतो तिथेच येतो. फॉरमॅटमधलं %आय हे नावासाठी आणि %एल हे व्हॅल्यूसाठी, तीच विभागणी सर्व्हरच्या बाजूने. \जीएक्झेक त्या सिलेक्टने दिलेला मजकूर स्टेटमेंट म्हणून चालवतो. रोल आधीच असेल तर एकही ओळ येत नाही आणि काहीच चालत नाही. डेटाबेससाठीही हीच पद्धत वापरली. ‘आधीपासून आहे’ची एरर उरली नाही, म्हणून /डेव्ह/नलही काढता आलं.

स्टेटमेंटच्या मजकुरात व्हॅल्यू न घालता ती बाइंड पॅरामीटर म्हणून वेगळी का पाठवली नाही, असा प्रश्न ॲप्लिकेशन लिहिणारे नक्की विचारतील. क्रिएट रोल, अल्टर रोल, क्रिएट डेटाबेस ही युटिलिटी स्टेटमेंट्स आहेत आणि ती बाइंड पॅरामीटर घेत नाहीत. इथे कोटिंग टाळता येत नाही, ते नीटच करावं लागतं.

या पद्धतीत दोन ठिकाणी पाय अडकतो. पीएसक्यूएलची व्हेरिएबल्स -सी ने दिलेल्या कमांडमध्ये भरली जात नाहीत. त्यासाठी मजकूर स्टँडर्ड इनपुटमधून किंवा -एफ ने फाइलमधून यावा लागतो. आणि ती एसक्यूएलच्या कोटांच्या आत भरली जात नाहीत. $$ हेही कोटच, त्यामुळे डू ब्लॉकच्या आत :'रोल' लिहून चालत नाही. सहकाऱ्याचा ब्लॉक याच कारणाने सोडून द्यावा लागला.

पासवर्ड -व्ही ने न देता \गेटएन्व्ह (एन्व्हायर्नमेंटमधून व्हॅल्यू वाचणं) का? कमांडची आर्ग्युमेंट्स प्रोसेसच्या यादीत त्या मशीनवरच्या इतरांनाही दिसू शकतात. लिनक्सवर एन्व्हायर्नमेंट त्याच युजरला आणि रूटलाच वाचता येतं. \गेटएन्व्ह पीएसक्यूएलच्या १५व्या आवृत्तीपासून आहे, आणि इथे आवृत्ती क्लायंटची मोजायची, सर्व्हरची नव्हे. व्हेरिएबल एक्सपोर्ट केलेलं हवं, नाहीतर :'पास' तसंच राहतं आणि सिंटॅक्स एरर येते. ऑन_एरर_स्टॉप असल्याने ती एरर आता स्क्रिप्ट थांबवते, हे चांगलंच. सर्व्हरवर सगळी डीडीएल (रचना बदलणारी) स्टेटमेंट्स लॉग करायचं सेटिंग असेल तर अल्टर रोल यशस्वी झालं तरी पासवर्ड लॉगमध्ये जातो. सेटअप सुपरयुजरने (सगळे हक्क असलेल्या खात्याने) चालतो, तेव्हा तेवढ्या सेशनपुरतं लॉग_स्टेटमेंट बंद करून घेतलं.

नावांचा दोष त्या मानाने सौम्य होता, पण अस्तित्वात होता. डेटाबेसच्या नावात जोडरेघ होती. पोस्टग्रेसमध्ये जोडरेघ असलेलं नाव डबल कोटशिवाय चालत नाही. हे माहीत असलेल्या कोणीतरी एका जुन्या ओळीत असं लिहिलं होतं:

-सी "क्रिएट डेटाबेस "$डीबी_नाव" ..."

वाचताना नावाभोवती कोट दिसतात. शेलसाठी मात्र दुसरा डबल कोट म्हणजे पहिल्याचा शेवट. सगळे कोट शेलनेच खाल्ले आणि एसक्यूएलला नाव उघडं मिळालं. तीच गत कॅपिटल अक्षरांची. कोट नसलेलं नाव पोस्टग्रेस लोअरकेस करतो, कोटमधलं तसंच ठेवतो. एका ओळीत कोट आणि दुसरीत नाही, तर आत्ताच तयार केलेला रोल ‘अस्तित्वात नाही’ असं उत्तर येतं. सगळीकडे :"नाव" वापरायचं ठरल्यावर हा प्रश्न संपला.

शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) चालवलं होतं का? हो, आणि त्याने शेलमधली कोट नसलेली व्हेरिएबल्स नेमकी दाखवली. पण हिअरडॉकच्या आतलं एसक्यूएल त्याला कळत नाही. '$डीबी_पास' या ओळीवर त्याने एक शब्द काढला नाही. हे साधन वापरावंच, फक्त त्याची हद्द शेलपाशी संपते.

टीमची अशीच एक स्क्रिप्ट मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेससाठीही होती, म्हणून तीही पाहिली. तिथे नावांचे कोट बॅकटिक असतात, आणि कोट नसलेल्या हिअरडॉकमध्ये बॅकटिक म्हणजे ‘ही कमांड चालव’. डेटाबेसच्या नावाची कमांड शोधायचा प्रयत्न होऊन एसक्यूएलमध्ये नावाच्या जागी रिकामं येत होतं. स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला मायएसक्यूएल डीफॉल्टने एस्केप (पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारी खूण) मानतो, तर पोस्टग्रेस ९.१ पासून साध्या स्ट्रिंगमध्ये तसं करत नाही. म्हणून एका डेटाबेससाठी लिहिलेलं एस्केपिंग दुसऱ्याकडे उचलून नेऊ नये. आणि डेटाबेस पातळीच्या ग्रँटमध्ये नावातला _ हा मायएसक्यूएलसाठी ‘कुठलंही एक अक्षर’ असतो, बॅकटिकमध्ये असला तरी. नोंदी_१ वर दिलेले हक्क नोंदी२१ लाही लागू पडतात. तिथे \_ लिहावं लागतं. हा दोष कुठलीही एरर देत नाही, उलट जास्तीचे हक्क देऊन मोकळा होतो.

मग चाचणी. टीमचा प्रस्ताव होता की जनरेटरमधून $ आणि ' वगळावेत. मी त्याला विरोध केला. चिन्हं वगळली की स्क्रिप्टचा दोष तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो, आणि स्क्रिप्ट सुपरयुजरने चालते. जी व्हॅल्यू चुकून स्ट्रिंगच्या बाहेर पडू शकते, ती कोणी मुद्दामही बाहेर काढू शकतो. त्याऐवजी चाचणीसाठी सगळ्यात त्रासदायक पासवर्ड घेतला:

7' "$4`\ #%:@!*9

मोकळी जागा, दोन्ही कोट, $, बॅकटिक, बॅकस्लॅश, सगळं. स्क्रिप्ट चालवायची आणि मग दुसऱ्या कंटेनरमधून, नेटवर्कवरून, याच पासवर्डने लॉगिन झालं पाहिजे. त्यानंतर त्यातलं एक अक्षर बदलून लॉगिन करायचं, आणि ते नाकारलं गेलं पाहिजे. दुसरा भाग नसेल तर ट्रस्टवाली जुनी फसवणूक पुन्हा होऊ शकते. शेवटी वाचणाऱ्या रोलने एका टेबलावर सिलेक्ट करून पाहायचं, म्हणजे स्क्रिप्टची शेवटची ओळ खरोखर चालली हे कळतं. दर बदलाबरोबर स्क्रिप्ट रिकाम्या डेटाबेसवर आणि भरलेल्या डेटाबेसवर, दोन्हीकडे चालवली जाते. अधिकृत इमेजच्या इनिट फोल्डरमधल्या स्क्रिप्ट्स डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तरच चालतात. पासवर्ड बदलायचं काम त्यांच्यावर सोपवता येत नाही, म्हणून ही स्क्रिप्ट वेगळीच ठेवली.

चाचणीत पोस्टग्रेसची बाजू पास झाली आणि ॲप पुन्हा अडखळलं. ॲप पासवर्ड फाइलमधून बरोबर वाचत होतं, पण कनेक्शनची यूआरएल मजकूर जोडून बनवत होतं. यूआरएलमध्ये @, :, # आणि % यांना स्वतःचा अर्थ आहे, तिथे पर्सेंट-एन्कोडिंग (चिन्हाऐवजी % आणि त्याचा कोड लिहिणं) लागतं. टीमने यूआरएल बनवणं सोडून युजर, पासवर्ड, होस्ट आणि डेटाबेस ड्रायव्हरला वेगवेगळ्या फील्डमधून द्यायला सुरुवात केली. बॅकअपची स्क्रिप्ट .पीजीपास (कनेक्शनचे पासवर्ड ठेवणारी) फाइल वापरते. तिथे : आणि \ यांच्याआधी बॅकस्लॅश हवा. तेवढी एक जागा अजून हाताने एस्केप होते, आणि तिच्यासाठी याच पासवर्डची वेगळी चाचणी लावली आहे.